पाटाला पाणी सुटलं तेव्हा

“पाणी उद्या सकाळी सहाला,” हे म्हणाले. “तिसऱ्यांदा सांगतोय. आता चौथ्यांदा इचारलं तर तुलाच नेऊन बसवीन पाटाच्या चौकीवर.”

“इचारलं तर काय बिघडलं? पोरं पाटात उतरायचं म्हणतायत.”

“उतरू दे की. पाटकऱ्याची पोरं पाटात नाय खेळायची, तर मग कुणाची खेळायची?”

झालं. एवढं कानावर पडायचा अवकाश, दोघंही ढुंगणावर घसरत कोरड्या पाटात गेले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

आमचे हे पाटकरी होते. कालव्याचं पाणी कुणाच्या वावराला कधी सोडायचं, कुठली झडप उघडायची, कुठली लावायची, हे सगळं यांच्या हातात. गावातली बाकीची माणसं पाटाला जरा भिऊन असायची. पाट कोरडा ठणठणीत असला तरी पोरांना “वर या रे” म्हणून ओरडायची. आम्ही कधी ओरडलो नाही. पाण्याची वेळ आमच्याच घरात ठरते असं आम्हाला वाटायचं. माज म्हणा हवं तर. तोच नडला.

कार्तिकातला दिवस होता. आवळीखाली जेवायला जायचं म्हणून मी तीन वर्षं यांच्या मागे लागले होते. लग्न होऊन साडेपाच वर्षं झाली, पण देवदर्शनाला म्हणून सुद्धा या माणसानं मला कुठं नेलं नव्हतं. पाणी सुटायच्या आदल्या दिवशी चौकी सोडायची नाही, वरून निरोप येतो, असं यांचं म्हणणं. मी म्हणाले, “एक दिवस तुम्ही नसलात तर पाट काय पळून जाणार आहे?” शेवटी निघाले बिचारे. चौकीला कुलूप लावून निघाले. हे माझ्या हट्टानं झालं, ते मी कधी नाकारलं नाही.

आवळी पाटाच्या भरावावरच होती. आम्ही पाच माणसं. मी, हे, माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, आणि दोन पोरं. पंडित सहा वर्षांचा, गोरख साडेचारचा. गोरख माझ्या पोटचा. पंडित माझ्या आधीच्या, हिराबाईचा. त्याला जन्म देऊन ती बाराव्या दिवशी गेली. मी लग्न होऊन आले तेव्हा तो आठ महिन्यांचा होता, आणि पहिल्याच दिवशी माझ्या नव्या लुगड्यावर मुतला होता. आमच्यात पहिली गेलेली असली की दुसरीनं तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा असतो. तसा हिराबाईचा टाक माझ्या गळ्यात होता. पोरगं कडेवर, त्याची आई गळ्यात, आणि आत्याबाईंची नजर चोवीस तास माझ्या पाठीवर.

त्या दिवशीही तेच. भाकरी झाली, भरीत झालं, शिरा वाढायला घेतला तशी आत्याबाईंचं सगळं लक्ष माझ्या पळीवर. मी पंडितला आधी वाढलं आणि चांगल्या दोन पळ्या वाढल्या.

“त्याला जास्त,” गोरख म्हणाला.

“तो मोठा आहे.”

“मी पण मोठा आहे. मी त्याला उचलतो.”

हे खरं होतं. पंडित वयाच्या मानानं लहानखुरा, गोरख थोराड. मागून बघितलं तर दोघं एकाच मापाचे. गावात कुणी विचारायचं, जुळे का गं? मग आत्याबाई लगेच सांगायच्या, “नाय, थोरला आमच्या हिराचा.” माझ्यासमोरच सांगायच्या. मी हसायचे. करणार काय? सावत्र आईनं पोराच्या ताटात कमी वाढलं तर ती सावत्र, आणि जास्त वाढलं तर ती लबाड. पंडितला मी माया म्हणून जास्त वाढते की लोकांच्या डोळ्यांना भिऊन वाढते, हे खरं सांगायचं तर माझं मलाच कळत नव्हतं.

जेवणं झाली. आत्याबाई आवळीच्या बुंध्याला टेकल्या. हे तोंडावर टोपी टाकून आडवे झाले. पोरं परत पाटात. खाली जागोजाग डबकी साचली होती आणि त्यात बोटाएवढे मासे होते. मी भांडी घेऊन धुण्याच्या पायऱ्यांवर बसले, पायरीजवळच्या डबक्यात घासायला. पोरं माझ्यापासून पन्नासेक पावलांवर, वरच्या अंगाला. त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

“आई, पंड्या मला मासा देत नाय!”

“दे रे त्याला एक.”

“त्यानं मारून टाकला माझा!”

“मग आता भांडत बसा.”

शेवटचं पातेलं मी वर नेऊन ठेवलं आणि तेवढ्यात आवाज आला. पाचोळ्यावरून जनावर चालत यावं तसा. मला आधी काही कळलंच नाही. मग वळणावरून पाणी आलं. पुढे नुसता पाला, काटक्या, फेस, आणि त्यामागं गुडघाभर मातकट पाणी, आणि त्याच्यामागं अजून पाणी.

“अहो!” मी किंचाळले. “अहो, पाणी! पोरं!”

हे उठले ते सरळ पळालेच, पण खालच्या अंगाला. मला वाटलं, माणूस वेडा झाला. पोरं वर आहेत आणि हा खाली कुठं पळतोय? पण त्यांना पाट माहीत होता. वाहणारं पोर वरच्या बाजूला कधीच सापडत नाही.

मी पोरांच्या नावानं ओरडत होते. ते दोघं पळायला लागले, पण चढायच्या ऐवजी पाटातूनच माझ्याकडं पळत आले. आईकडं यायचं एवढंच त्यांना कळत होतं. पाण्यानं त्यांना वीस पावलंसुद्धा येऊ दिलं नाही. दोघांचे पाय एकदमच उचलले. मी पायऱ्यांवरून खाली उतरले, कंबरेपर्यंत पाण्यात गेले, डाव्या हातानं पायरीची लोखंडी कडी धरली. पाटाच्या कडेचे दगड शेवाळलेले, कडी सुटली असती तर मीही गेले असते. आत्याबाई वर भरावावर उभ्या राहून छाती पिटत होत्या.

दोन डोकी आली. एक कडेकडेनं, अगदी माझ्या मांडीला लागून. दुसरं त्याच्या पलीकडं, हात पुरा ताणला तर पोचेल एवढ्यावर. हात एकच मोकळा होता. आणि मी जवळच्याला जाऊ दिलं. त्याच्या डोक्यावरून हात लांब केला आणि पलीकडच्याला धरलं.

ओढून पायरीवर घेतलं. पंडित होता.

माझ्या मांडीला घासून गेला तो गोरख.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. पंडितला वर ढकललं, आत्याबाईंनी त्याला कवटाळलं, आणि मी भरावावरून अनवाणी पळत सुटले. काटे मोडले, लुगडं सुटायला आलं. “गोरख, गोरख” करत मी पळत होते, आणि पाण्यात काहीसुद्धा दिसत नव्हतं. देवा, माझं पोर दे, दुसरं काही मागणार नाही, एवढंच तोंडात. पाव मैलावर फाट्याची झडप होती. तिथं लोखंडी गज होते. हे गजांना पाय लावून पाण्यात उभे होते आणि त्यांच्या खांद्यावर गोरख उलटा लोंबकळत होता. ओठ निळे. हात नुसते हलत होते, जीव नसल्यासारखे.

“गेला का हो?” मी म्हणाले.

हे पोराला पालथं घालून पाठीवर थापा मारत होते. किती वेळ मारल्या कुणास ठाऊक. मग गोरखच्या तोंडातून पाणी आलं, शिरा आला, आणि मग तो रडला. आयुष्यात इतका गोड आवाज मी परत ऐकला नाही.

तर असं दोघंही वाचले. पाणी एक दिवस आधी का सुटलं, ते नंतर कळलं. वरच्या अंगाला कुणाचा तरी ऊस वाळत होता, म्हणून वरच्या साहेबांनी वेळ बदलली. निरोप घेऊन माणूस चौकीवर आला होता. चौकीला कुलूप. यांची नोकरी गेलीच असती. पण गावात त्या कुलपाबद्दल कुणी बोललंच नाही. सगळं गाव दुसऱ्याच गोष्टीत गुंतलं होतं.

आत्याबाईंनी वरून सगळं बघितलं होतं. दिवेलागणीच्या आधीच त्यांनी आळीभर सांगितलं. “पोटचा मांडीला लागून गेला हो, आणि हिनं हात लांब करून माझ्या हिराचा धरला! डोळ्यांनी पाहिलं मी.” बायका मला बघायला आल्या. एक म्हातारी तर माझ्या पाया पडली. आत्याबाई माझ्या गळ्यातल्या टाकाला हात लावून म्हणाल्या, “हिरानंच हात धरला तुझा.” आणि ती पाच वर्षं माझी पळी मोजणारी बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, “शालन, चुकले गं मी.”

मी काय सांगणार होते तिला?

आता जे खरं झालं ते सांगते. त्या दिवाळीला दोघांना नवे सदरे शिवले होते. गोरखला लाल, पंडितला हिरवा. पाण्यात तोंडं दिसत नव्हती. गाळानं आणि पाल्यानं दोघं माखलेले. मला दिसला तो लाल सदरा. लाल म्हणजे गोरख. माझा गोरख लांब होता, आणि हिरव्यातला पंडित माझ्या मांडीशी होता. मी हिरव्याच्या डोक्यावरून हात नेला. पंडितला जाऊ दिलं मी. समजून उमजून जाऊ दिलं. घटकाभरापूर्वी माशावरून भांडून, मग गळ्यात गळे घालून, पोरांनी सदरे बदलले होते, हे मला कुठं माहीत?

आणि एवढ्यावरच थांबलं असतं तरी चाललं असतं. पोराला ओढून जवळ घेतलं, तोंडावरचा पाला निघाला, आणि पंडितचं तोंड दिसलं. त्या क्षणी माझा हात सुटला. दमले म्हणून नव्हे, निसटला म्हणूनही नव्हे. मी बोटं उघडली. मग पोरगं माझ्या हाताला मिठी मारून राहिलं असणार, कारण पुढं तो पायरीवर होता. मी त्याला वाचवलं नाही. त्यानं मला सोडलं नाही, म्हणून तो वाचला. इतकी वर्षं मी हेच धरून चालले.

त्या संध्याकाळी पंडितच्या अंगातला ओला लाल सदरा मीच काढला. तो माझ्याकडं बघत होता. मी नजर वळवली आणि सदरा चुलीत घातला. आत्याबाईंनी विचारलं तर म्हणाले, पाटाची आठवण नको.

लोक देवीसारखं बघायला लागले की बोलायची सोय राहत नाही. पंडितला सांगावं, तर त्याला कळणार की आईनं आपल्याला सोडलं होतं. सांगू नये, तर गोरख रोज ऐकणार की आईनं आपल्याला सोडलं होतं. एकाला जवळ घ्यायला दुसऱ्याला ढकलावं लागत होतं. मी गप्प बसले. गोरख ती गोष्ट ऐकत मोठा झाला. लग्नात, बारशात, कुणी पाहुणा आला की आत्याबाई सुरू. पहिल्यांदा तो नुसता ऐकायचा, मग उठून बाहेर जायला लागला, मग गावच सोडून गेला. पिंपरीला कारखान्यात लागला. दिवाळीला यायचा, तिसऱ्या दिवशी परत. मला पैसे पाठवायचा, औषधं पाठवायचा, पण कधी आई म्हणून मांडीवर डोकं ठेवलं नाही त्यानं. पंडित गावातच वायरमन झाला, आणि मी त्याच्याकडंच राहिले. सगळे म्हणायचे, बघा, सावत्रानं कसे पांग फेडले.

चार वर्षांपूर्वीची दिवाळी. हे तोवर गेले होते, आत्याबाई तर त्याआधीच गेल्या. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. पंडित भुईमुगाच्या शेंगा फोडत होता, गोरख निघायच्या तयारीत बॅगेची चेन लावत होता. त्याच्या दोन मुली माझ्याजवळ. थोरली आठ वर्षांची, तिनं एकदम विचारलं,

“आजी, तू पप्पांना सोडून काकांना धरलं होतंस ना? शेजारच्या आजी सांगत होत्या.”

“धरलं होतं की,” गोरखच म्हणाला, हसत हसत. “आपली आजी लई मोठ्या मनाची आहे, बाळा. स्वतःचं ते सोडायचं आणि दुसऱ्याचं ते धरायचं. सगळ्यांना नाही जमत.”

“गोरख,” मी म्हणाले.

“काय खोटं बोललो का?” त्याचं हसू गेलं. “आई, एक विचारू? आजवर विचारलं नाही. तुझ्या लुगड्याला हात लावला होता मी. धरायला गेलो, सुटला. तुला कळलं होतं का?”

मी पदर तोंडाला लावला. कळलं होतं रे, असं कसं सांगू? कळलं होतं, पण तू पंडित आहेस असं वाटलं होतं, हे पंडितच्या समोर कसं सांगू?

“सांग ना. पोरगी झाल्यापासून रोज डोक्यात येतं माझ्या. माझ्या ह्या दोघी अशा वाहत आल्या, तर मी कुणाला धरीन? मला नाही ठरवता येत. तुला कसं आलं गं?”

“तिला नव्हतं आलं,” पंडित म्हणाला.

शेंगा फोडणं त्यानं थांबवलं नव्हतं. मान खालीच.

“तू गप रे,” मी म्हणाले. “पंडित, गप.”

“किती दिवस गप बसू?” तो म्हणाला. “गोरख, लाल सदरा कुणाचा होता?”

“कुठला सदरा?”

“दिवाळीचा. लाल तुझा, हिरवा माझा. मासा देतो म्हणून मी तुझा लाल मागून घेतला होता. पाणी आलं तेव्हा लाल माझ्या अंगात होता. तिनं लाल बघितला आणि लाल धरला. तिनं तुलाच धरलं होतं, येड्या. मी आपला मधल्यामधे वाचलो.”

पोरी एकदा बापाकडं, एकदा काकाकडं बघत राहिल्या. गोरखनं माझ्याकडं बघितलं.

“खरं?”

मी मान डोलावली. त्यानं बॅग खाली ठेवली. अंगणातल्या नळाकडं गेला, आणि तोंड धूत राहिला. धुऊन झालं तरी धूत राहिला. मग आला आणि माझ्या पायाशी पायरीवर बसला. त्याचं ओलं डोकं माझ्या गुडघ्याला लागलं. एवढा पस्तीस वर्षांचा बाप्या, पोरींसमोर हुंदके देत होता. मी त्याच्या केसांतून हात फिरवत होते, पण माझे डोळे पंडितकडं होते.

त्या दिवशी गोरख गेला नाही. दुपारी पोरींना घेऊन पाट दाखवायला गेला. ओट्यावर आम्ही दोघंच राहिलो.

“तुला कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“तू सदरा जाळलास तेव्हापासून. तेव्हा नीट नव्हतं कळलं. पुढं कळलं.”

“आणि इतकी वर्षं आत्याबाई सांगायच्या तेव्हा…”

“मला बरं वाटायचं ऐकायला,” तो म्हणाला. “खोटं असलं तरी. म्हणून तर बोललो नाही कधी. त्याचं वाईट होत होतं, ते दिसत होतं मला. तरी नाही बोललो. माझीही चूकच आहे.”

मग म्हटलं, आता राहिलंच काय लपवायचं.

“पंडित, तुझं तोंड दिसलं तेव्हा माझा हात सुटला होता.”

“माहितीये.”

“सुटला नव्हता. सोडला होता मी.”

“माहितीये, आई.” त्यानं एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले. “मग परत धरलास की.”

“मी नाही धरलं. तू मिठी मारलीस माझ्या हाताला. तूच धरून राहिलास.”

“मी?” तो माझ्याकडं बघायला लागला. “मी कसा धरणार? माझ्या दोन्ही हातांत चपला होत्या. दिवाळीच्या नव्या. हरवल्या तर तू मारशील म्हणून छातीशी घट्ट आवळून धरल्या होत्या. पायरीवर येईपर्यंत सोडल्या नाहीत. तू सोडलंस, मी खाली गेलो, आणि तू परत धरलंस. केसांना धरलंस. आठवडाभर डोकं दुखत होतं माझं.”

मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नाही. अजूनही आठवत नाही. सोडलेलं तेवढं तीस वर्षं रोज आठवत आले, आणि धरलेलं विसरले. मी पंडितचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा मोठ्यानं रडले.